टाळी वाजेपर्यंत पंप बंद

सी सेक्टर, भोपाळ
फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार, 1989

ती. दादा यांस,

लीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगासाठी आडवं व्हावं लागतं, आणि माझा उजवा गुडघा एकदा जमिनीला लागला की मला उठवायला हे आणि प्रतिभा दोघं लागतात. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातलाय असं समज, आशीर्वाद मात्र पूर्ण मापाचा पाठव.) तुझी साखर किती निघाली ते सुधावहिनीने मागच्या पत्रात लिहिलंच नाही. नुसतं 'बरे आहेत' लिहिलं, म्हणजे तू जिलबी खाऊन राहिला असशील. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, शेकायला मिठाची पुरचुंडी घे, त्या मलमाच्या नादी लागू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांना ड्यूटी जनरल शिफ्टची आहे, प्रतिभाची दहावी पुढच्या वर्षी. दत्तूने पुन्हा चष्मा फोडला.

तू विचारलंस, दिवाळीपासून पत्र का नाही. नाही, कारण मला वेळ नव्हता. वेळ नव्हता, कारण मी रोज संध्याकाळी खुर्चीत बसून गाणं ऐकत होते. हसू नकोस. मला पण पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. लहानपणापासून मला तुम्ही सगळ्यांनी 'भिंगरी' म्हणून चिडवलंत. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तर आईला म्हणाले होते, चार वर्षांत ही पोरगी चार तास बाकावर बसली नसेल. त्याच लीलाला इथे अख्ख्या टाउनशिपमधून निवडून बसायचं काम दिलं. कसं ते सांगते, पण मधे मधे विचारू नकोस. (पत्रात विचारता येत नाही हे मला कळतं. पण तू वाचता वाचता वहिनीला विचारतोस, आणि ती मग काहीतरी भलतंच सांगते.)

तर आमच्या टाउनशिपमध्ये पोरापोरींचा एक वाद्यवृंद आहे. अठरा पोरं. बरीचशी व्हायोलिनं, दोन ती मोठी गुडघ्यात धरून वाजवायची, दोन बासऱ्या, एक काळी लांब नळी. वाजवतात ते सगळं साहेबी शास्त्रीय. म्हणजे तबला नाही, पेटी नाही, समोर कागद ठेवून वाजवायचं आणि कागद संपेपर्यंत थांबायचं नाही. आमची प्रतिभा त्यात पाच वर्षं व्हायोलिनवर आहे. हे सगळं चालवतो उदय चांदोरकर. कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर तयार माल मोजतो, केसभर फरक दिसला की लाल खडूने फुली मारतो. चाळिशी आली, लग्न नाही. बॅचलर होस्टेलात राहतो. (मुली दाखवल्या त्याला दोन-तीन. मला वाटतं त्यांच्यावरही खडू चालला.) पण माणूस सरळ. पोरांवर ओरडत नाही, नुसता डोळे मिटतो. त्याने डोळे मिटले की पोरं आपसूक सुरात येतात.

मागच्या वर्षी कारखान्याच्या वार्षिक दिवसाला ह्या पोरांचा कार्यक्रम झाला. चांदोरकरने पन्नास मिनिटांचं एकच वाजवणं ठेवलं होतं, चार भागांचं. आता कुणाला माहीत होतं चार भागांचं आहे म्हणून? पहिला भाग संपला, पोरं थांबली, लोकांना वाटलं झालं. टाळ्या कडाडल्या, आणि सगळे उठून समोश्यांकडे गेले. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मी उठले. 'झालं बाई एकदाचं' असं म्हणाले पण, आणि माझा आवाज तुला माहीत आहे. उरलेले तीन भाग पोरांनी रिकाम्या खुर्च्यांना ऐकवले. प्रतिभा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, अगं मला काय ठाऊक! ती म्हणाली, 'आई, तुला थांबताच येत नाही.' तेवढंच म्हणाली, पण ते वाक्य माझ्या पोळपाटावर येऊन बसलं ते बसलंच.

ह्या वर्षी कारखान्याच्या कामगार कल्याण विभागाच्या साहेबांनी चांदोरकरला बोलावून स्वच्छ सांगितलं. कार्यक्रम पुन्हा द्या, पण लोक मधेच उठून गेले तर रविवारचा हॉल बंद आणि वाद्यं परत स्टोअरमध्ये. म्हणजे अठरा पोरं रस्त्यावर. चांदोरकर घाबरला, पण घाबरला तो तपासणीवाल्यासारखा. माल गेटबाहेर जायच्या आधी त्यावर जास्तीत जास्त भार टाकून बघायचा, असा त्यांचा नियम आहे म्हणे. दिवाळी झाल्यावर तो आमच्या घरी आला, चहा घेतला, आणि मान खाली घालून म्हणाला, 'वहिनी, राग मानू नका. अख्ख्या टाउनशिपमध्ये तुमच्यापेक्षा कमी धीराचं माणूस मला सापडलं नाही. जे वाजवणं तुम्ही बसून ऐकाल, ते कुणीही ऐकेल.' मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता, आणि पेपर हलत होता. मी म्हटलं, ही स्तुती आहे का? चांदोरकर म्हणाला, तपासणीच्या भाषेत आहे.

मग रोज पाच वाजता तो टेपरेकॉर्डर घेऊन हजर. मी खुर्चीत मेथी नाहीतर वाटाणे घेऊन बसायची, तो समोर रजिस्टर आणि थांबतं घड्याळ घेऊन. (त्याला स्टॉपवॉच म्हणतात. दाबलं की थांबतं. आमच्याकडे भिंतीवर आहे ते न दाबताच थांबतं.) कॅसेट सुरू झाली की घड्याळ सुरू, मी उठले की बंद. मत बित काही विचारायचा नाही. मी सांगायची ते वेगळं. एक वाजवणं असं होतं की एकजण काही म्हणायचा, मग दुसरा तेच म्हणायचा, मग तिसरा, आणि पहिला तोवर पुढेच गेलेला. अगदी आपल्याकडे कुणाचं लग्न मोडलं की चार घरी सांगतात तसं. ते मला बरं वाटलं. एक अगदी लग्नघाईचं होतं, सगळेच धावत होते आणि नवरदेव कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. एक मात्र मी कधी विसरणार नाही. ते संपायचंच नाही. संपल्यासारखं करायचं, धडाम धडाम वाजायचं, की पुन्हा सुरू. तुझे सासरे नाही का, चपला घालून, काठी घेऊन, 'निघतो मग' म्हणून दारात अर्धा तास उभे राहायचे? अगदी तेच. मी टेपरेकॉर्डरला हात जोडले.

पण दादा, गंमत पुढेच आहे. चांदोरकरने महिन्याभरात पंचवीस वाजवणी तपासली, आणि एक दिवस रजिस्टर उघडून मला आलेख दाखवला. सरळ रेघ. घाईचं असो, संथ असो, जर्मन माणसाचं असो नाही तर आणखी कुणाचं, मी बरोब्बर बाविसाव्या मिनिटाला उठत होते. तो थक्क झाला होता. म्हणाला, वहिनी, कारखान्यातलं एकही यंत्र इतकं नेमकं नाही. माणसाच्या संयमाची हद्द बावीस मिनिटं, हे आता सिद्ध झालं. बावीस मिनिटांवरच्या सगळ्यावर त्याने लाल फुली मारली.   अरे, पाच-पंधराला टाउनशिपचा पंप सुरू होतो, आणि आमच्या वरच्या मजल्यावर पाणी पाच-बावीसला पोचतं! पाऊण तास येतं आणि जातं. त्यात दोन ड्रम, हंडा, कळशी, बादल्या. वरच्या मजल्यावरची बाई पाच-बावीसला खुर्चीत बसेलच कशी? पण होस्टेलच्या गच्चीवर मोठी टाकी, तिथे दिवसभर नळ सोडा नि पाणी घ्या. त्या माणसाला पाणी 'येतं' हेच ठाऊक नाही. मी आत जाऊन बादल्या आदळायची, तो बाहेर लिहायचा, 'रस संपला.' (मी आधी समजले, तो पाण्याची वेळ टिपतोय. म्हटलं, चला, कुणीतरी तक्रार तरी करेल.)

मग जानेवारीत एका बुधवारी त्याने शेवटची कॅसेट लावली. म्हणाला, ही अर्ध्या तासाची आहे, तीन भागांची, नापास होणारच, पण माझ्या आवडीची आहे म्हणून लावतो. पहिला भाग आला नि गेला, माझे वाटाणे चालू होते. मग दुसरा सुरू झाला. एकच व्हायोलिन, आणि बाकीचे सगळे खाली, घरात कुणी निजलं असताना बोलावं तसे. दादा, तुला महाल मोहल्ल्यातली आपली माडी आठवते का? बापू सेक्रेटरिएटमधून यायचे, टोपी खुंटीला, चहा, आणि मग व्हायोलिन. तू खाली अभ्यासाला. मी सारखी पळायची म्हणून मला समोर बसवून माझ्या हातात गजाला लावायच्या राळेची डबी द्यायचे, आणि म्हणायचे, लीले, गज थांबेपर्यंत डबी खाली ठेवायची नाही. तेवढा वेळ मी बसायची. जन्मात तेवढाच. बापूंचं वाजवणं हे नव्हतं, ते वेगळंच काही वाजवायचे. पण गज वळताना जो बारीकसा श्वास ऐकू येतो ना, तो तोच होता. स्वयंपाकघरात नळ खाकरला. मला ऐकू आलं. मग पाणी आलं, तेही ऐकू आलं. ड्रमवरची तोटी उघडायची होती, हंडा पालथा होता, पाणी सरळ मोरीत जात होतं. मी वाटाण्याचं ताट धरून बसले होते, आणि उठले नाही.

तीस मिनिटं. चांदोरकरने घड्याळ हलवून बघितलं, कानाला लावलं. मी म्हटलं, गुडघा धरला होता. त्याने ते लिहिलं नाही. त्या दिवशी आमच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. ह्यांनी खालच्या मजल्यावरच्या मनोरमाबाईंकडून दोन बादल्या आणल्या आणि बादली ठेवता ठेवता विचारलं, 'पंप बंद होता का?' मी म्हटलं, हो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण पाण्याच्या बाबतीत खोटं मी पहिल्यांदाच बोलले.

झालं, तीस मिनिटांचं ते वाजवणं पास. कार्यक्रमाचा मुख्य माल तोच ठरला, आणि मधल्या भागातलं ते एकटं व्हायोलिन कुणाला मिळालं असेल? प्रतिभाला. पोरगी घरात नुसती तरंगत होती. मग छापलेलं आमंत्रण आलं. रविवार, संध्याकाळी पाच. मी कपाळाला हात लावला. चांदोरकरकडे धावत गेले, म्हटलं, वेळ बदला. तो म्हणाला, अशक्य, तपासणी ज्या स्थितीत झाली त्याच स्थितीत माल वापरायचा, आणि शिवाय सातनंतर हॉलमध्ये भजन आहे. आता त्याला काय सांगू? की बाबा, तुझी पंचवीस पानं माझ्या ड्रमवर बेतलेली आहेत? ते ऐकून त्याने डोळे मिटले असते आणि कार्यक्रमापर्यंत उघडले नसते. पण तू विचार कर. पाच-पंधराला पंप सुरू, आणि पाच-वीसला हॉलमधली एक बाई खुर्चीत राहणार नाही. माझी पोरगी ते वाजवणार नेमकं तेव्हा. गेल्या वर्षी आधी मी उठले होते, मग बाकीचे. ह्या वर्षी अख्खा सेक्टर एकदम उठणार होता, आणि त्यानंतर वाद्यं स्टोअरमध्ये.

तेव्हा मी पंपहाउसला गेले. ते हॉलच्या अगदी मागे आहे, मधे फक्त कडुनिंब. तिथे श्यामलाल म्हणून ऑपरेटर आहे, त्याची मुलगी वंदना वाद्यवृंदात ती काळी नळी वाजवते. मी सरळ म्हटलं, श्यामलाल, रविवारी पंप एक तास उशिरा लाव. तो म्हणाला, 'भाभीजी, एक घंटा? कालोनी मेरी खाल खींच लेगी!' मी म्हटलं, कालोनी हॉलमध्ये बसलेली असेल, तुझी कातडी सोलायला येणार कोण? तरी तो लिखित ऑर्डर मागायला लागला. मग मी विचारलं, वंदनाला कधी वाजवताना ऐकलंयस का?  तो म्हणाला, कार्यक्रम नेहमी माझ्या ड्यूटीच्या वेळी, आणि पंप चालू असला की मला माझा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मी म्हटलं, मग? रविवारी पंप बंद असेल. खिडकी उघडी ठेव. त्याने बराच वेळ हाताला लागलेलं ग्रीस पुसलं, लागलेलं नव्हतं तिथलंही पुसलं. मग म्हणाला, ठीक आहे, पण संपलं हे मला कसं कळणार? ताली बजेगी तो चालू कर दूँगा.

घरी येईपर्यंत मी खूश होते, जिना चढताना घाम फुटला. टाळी! गेल्या वर्षी पहिल्या भागानंतरच टाळ्या पडल्या होत्या. ह्या वेळी पडल्या तर पंप सुरू, हॉलच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी धबाधबा, आणि ते ऐकून सगळ्या बायका दाराबाहेर. मग मी घरोघर फिरले. काही समजावत बसले नाही. एवढंच सांगितलं: रविवारी टाळी वाजली की पाणी येणार. मधेच टाळी वाजवाल तर तुम्ही हॉलमध्ये आणि पाणी मोरीत. शेवटी मी वाजवीन, मग वाजवा. दादा, एका दिवसात निरोप पार पलीकडच्या सोनागिरी वस्तीपर्यंत गेला. आणि घरी पाणीच येणार नाही म्हटल्यावर घरी बसून करायचं काय? कधी न येणाऱ्या बायका पण आल्या. हॉल भरून लोक भिंतीला टेकून उभे होते.

मी पहिल्या रांगेत, जी. एम. साहेबांच्या बाईंच्या शेजारी. (चांदोरकरने माझ्या छातीवर 'समिती' असं फूल लावलं होतं.) हार, स्वागत, दीपप्रज्वलन, एक छोटं वाजवणं, आणि मग ते. पहिला भाग संपला. शांतता. मी मागे वळून बघितलं: सगळ्या बायका हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. चांदोरकरच्या पाठीवरून कळत होतं की त्याचा विश्वास बसत नाहीये. मग प्रतिभा उभी राहिली. तुला काय सांगू? सांगत नाही. मला दिसत नव्हतं नीट, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. ती थांबली, तो भाग संपला, आणि तेवढ्यात शेजारी जी. एम.च्या बाईंनी टाळी वाजवायला हात उचलले! बरोबर आहे, बंगल्यावर चोवीस तास पाणी, त्यांना कोण सांगणार? मी झडप घालून त्यांची दोन्ही मनगटं धरली. घट्ट. त्या दचकल्या, माझ्याकडे बघितलं, माझे डोळे बघितले, आणि 'आपकी बिटिया है?' म्हणून माझेच हात थोपटायला लागल्या. मी सोडले नाहीत. तिसरा भाग आम्ही दोघींनी हातात हात घालून ऐकला, आमच्या शेजारच्या कल्याण विभागाच्या साहेबांनी तर रुमाल काढला.

आणि संपलं. चांदोरकरचे हात हवेत. टाळी नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय, आणि मी कशी वाजवणार? माझे हात जी. एम.च्या बाईंकडे! त्या सोडेनात, आणि मला, खरं सांगते, सोडवून घ्यायचं सुचेना. प्रतिभा माझ्याकडे बघत होती. एवढी शांतता ह्या हॉलमध्ये शोकसभेलासुद्धा झालेली नाही. आणि मग मागून, कडुनिंबाच्या पलीकडून, एकच टाळी ऐकू आली. मोठी, सावकाश. पुन्हा. पुन्हा. श्यामलाल वाजवत होता. त्याला कुणी सांगावं लागलं नाही की संपलं म्हणून.

मग काय, हॉल फुटला. पाच मिनिटं टाळ्या. आणि टाळ्यांच्या खालून पंप घरघरला, आणि दोन मिनिटांत हॉल रिकामा. बायका साड्या खोचून धावत सुटल्या. पण कल्याण विभागाच्या साहेबांनी कागदावर लिहिलं ते लिहिलंच: कार्यक्रम संपेपर्यंत एकही व्यक्ती उठली नाही. हॉल राहिला, वाद्यं राहिली. चांदोरकर माझ्याकडे येऊन म्हणाला, वहिनी, लोक इतके धावत का गेले? मी म्हटलं, भारावून. आणि मीही धावले, दोन ड्रम रिकामे होते. प्रतिभा मागून आली, व्हायोलिन खाली ठेवलं, आणि न सांगता कळशी नळाखाली लावली. म्हणाली, 'बसलीस की.' मी म्हटलं, कळशी तिरकी आहे, सरळ धर.

आता पुरे. हात दुखला. वहिनीला नमस्कार, नातवाचा एक मुका घे, आणि साखरेचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून पाठव, मला तुझा आठ आणि तीन वेगळा ओळखता येतो.

तुझी,
लीला

ता. क. चांदोरकरला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षासाठी तो तपासणी सकाळी सातला घेणार आहे. दूधवाला सात-दहाला येतो. बघू काय निष्कर्ष निघतो ते.

ता. क. 2. तुमचा विलास पुढच्या महिन्यात इथे महाराणा प्रताप नगरला मुलाखतीसाठी येतोय ना? त्याच्या हाती बापूंचं व्हायोलिन पाठव. तुझ्या बैठकीत खिळ्याला टांगलंय ते. प्रतिभाचे हात लांब झाले, वाद्यवृंदातलं पाऊण मापाचं आता तिला पुरत नाही, आणि पूर्ण मापाची दोन्ही मोठ्या पोरांकडे आहेत. वहिनीने त्यात खोचलेली प्लॅस्टिकची फुलं तिथेच काढून ठेव. खिळा रिकामा दिसेल म्हणून ती कुरकुरेल, तर आमच्या भिंतीवरचं ते घड्याळ मी विलासबरोबर परत पाठवते. चालत नाही, पण दिसतं छान. हे एवढंच मागायला पत्र लिहिलं होतं. बाकीचं आपोआप आलं.

ता. क. 3. व्हायोलिनच्या पेटीत राळेची डबी शोधू नकोस. बापूंच्या तेराव्यानंतर तू अख्खी माडी उपसलीस आणि विजयाआत्याच्या मुलांवर आळ घेतलास, तेव्हा मी तिथेच बसले होते आणि बोलले नाही. डबी माझ्याकडे आहे. अजून खाली ठेवलेली नाही.